ब्याण्णव डॉलर सात सेंट

घरपट्टीच्या खिडकीवर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी दुसऱ्याच्या नावाचे पैसे भरलेले असतात. मावशी गावाला गेली म्हणून भाचा भरतो, मालक परगावी राहतो म्हणून भाडेकरू भरतो. पावती मालकाच्या नावानं फाटते. पैसे कुणाच्या खिशातून आले, हे खिडकीमागचा माणूस विचारत नाही. त्याला भरणा झाल्याशी मतलब.

अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात मात्र एक वेगळीच खिडकी होती. तिथे फिलिप फेंडॉल नावाचे गृहस्थ आपल्या नात्यातल्या एका बाईंचा कर भरायला गेले. रक्कम होती ९२ डॉलर ७ सेंट, अधिक दंड. कर वसूल करायला नेमलेल्या कमिशनरांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी स्वतःपुरता एक नियम करून ठेवला होता: मालकानं जातीनं हजर राहावं, तरच कर स्वीकारू. मालकीणबाई होत्या रिचमंडमध्ये, म्हणजे शत्रूच्या राजधानीत. संधिवातानं त्यांना चाकाच्या खुर्चीला खिळवलं होतं, आणि मध्ये दोन सैन्यं समोरासमोर उभी होती. त्यांचं नाव मेरी कस्टिस ली. बंडखोर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली यांच्या त्या पत्नी.

हा नियम कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता. जून १८६२ चा कायदा एवढंच सांगत होता की बंडखोर राज्यांतल्या जमिनींवर केंद्राचा कर बसेल, आणि तो न भरल्यास जमीन लिलावात निघेल. ‘मालकानं स्वतः यावं’ हे कमिशनरांचं पदरचं. कर वसूल व्हावा यापेक्षा तो थकावा, अशीच ही व्यवस्था होती. बंडखोर माणूस सैन्याची फळी ओलांडून कर भरायला येणार नाही, हे कुणालाही कळण्यासारखं होतं.

मालमत्ता साधीसुधी नव्हती. पोटोमॅक नदीच्या पलीकडे, थेट वॉशिंग्टन शहरावर नजर ठेवणारी टेकडी, तिच्यावर जाडजूड खांबांचा वाडा आणि भोवती सुमारे ११०० एकर जमीन. नाव आर्लिंग्टन. वाडा बांधला जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस यांनी. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन यानं त्यांना आपल्या घरात नातवासारखं वाढवलं होतं. वॉशिंग्टनची भांडी, तंबू, कपडे असं सगळं त्यांनी या वाड्यात देवघरासारखं जपलं. १८५७ मध्ये ते वारले. मृत्युपत्रात दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. वाडा आणि जमीन मुलगी मेरी हिला हयातीपुरती, आणि तिच्या मागे थोरला नातू जॉर्ज वॉशिंग्टन कस्टिस ली याला. दुसरी गोष्ट, सगळ्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावं. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक जावई, म्हणजे रॉबर्ट ली. त्यांनी मुक्ततेचा दस्त केला तो १८६२ च्या डिसेंबरात, पाच वर्षं पुरती उलटून गेल्यावर. तोवर गुलामांपैकी बरेच जण उत्तरेचे अध्यक्ष लिंकन यांच्या सैन्याच्या आसऱ्याला गेले होते.

मे १८६१ मध्ये मेरीबाईंनी वाडा सोडला, त्याच महिन्यात उत्तरेचं सैन्य नदी ओलांडून टेकडीवर आलं. जाताना त्यांनी किल्ल्या दिल्या सेलिना ग्रे हिच्या हाती. ही घरातली गुलाम बाई. सैनिक वॉशिंग्टनच्या वस्तू उचलू लागलेत हे पाहून तिनं जनरल मॅकडॉवेल यांच्या कानावर घातलं आणि उरलेल्या वस्तू त्यांनी राजधानीत सुरक्षित हलवल्या. राष्ट्रपित्याचा वारसा वाचवला तो त्याच घराण्याच्या एका गुलाम बाईनं. अमेरिकेच्या इतिहासातल्या अशा विसंगती वेचायला बसलं तर दिवस पुरणार नाही.

११ जानेवारी १८६४ रोजी लिलाव झाला. बोली लावली सरकारनं, आणि २६,८०० डॉलरला जमीन सरकारनंच घेतली. कर सरकारचा, तो नाकारणारे कमिशनर सरकारचे, खरेदीदारही सरकारच. आपल्याकडच्या जुन्या सावकारांनी हेवा करावा असा व्यवहार.

पुढचं पाऊल टाकलं माँटगोमेरी मेग्ज यांनी. हे सैन्याचे क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे दाणागोटा, तळ, वाहतूक आणि प्रेतांची विल्हेवाट हे सगळं त्यांच्याकडे. मूळचे दक्षिणेतल्या जॉर्जियाचे, पण निष्ठा उत्तरेकडे. १८३७ मध्ये सेंट लुईसजवळ मिसिसिपी नदीच्या कामावर तरुण मेग्ज याच रॉबर्ट लींच्या हाताखाली होते. लींनी शपथ मोडून दक्षिणेला साथ दिली, याचा राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही. वॉशिंग्टनच्या दफनभूमी भरल्या तेव्हा त्यांनी आर्लिंग्टन सुचवलं. १३ मे १८६४ रोजी पेन्सिल्व्हेनियाचा शिपाई विल्यम क्रिस्टमन तिथे पहिला पुरला गेला. सुरुवातीच्या कबरी वाड्यापासून लांब पडत होत्या, ते मेग्ज यांना रुचलं नाही. त्यांनी हुकूम देऊन अधिकाऱ्यांच्या कबरी थेट मेरीबाईंच्या गुलाबबागेच्या कडेनं घालायला लावल्या. १८६६ मध्ये बागेलगत एक तळघर खणून त्यात २,१११ अनोळखी सैनिकांचे अवशेष ठेवले. हेतू उघड होता. उद्या युद्ध संपलं, माफी मिळाली, तरी या घरात ली कुटुंबानं पुन्हा पाऊल ठेवता कामा नये. दारात मढी असलेल्या घरात कोण राहायला येईल?

याच जमिनीच्या दक्षिण अंगाला दुसरी एक वस्ती उभी राहत होती, आणि मला या सगळ्या प्रकरणात जास्त ओढ तिची वाटते. एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी बंद झाली तसे दक्षिणेतून पळालेले हजारो लोक शहरात लोटले. त्यांना सरकारी भाषेत ‘काँट्राबँड’ म्हणत, म्हणजे शत्रूचा जप्त केलेला माल. हा शब्द रूढ झाला १८६१ मध्ये फोर्ट मनरो किल्ल्यावर, जिथे योगायोगानं ली यांच्या थोरल्या मुलाचा जन्म झाला होता. शहरातल्या छावण्यांत देवी आणि तापानं माणसं मरू लागली, तेव्हा नदीपलीकडच्या मोकळ्या हवेत त्यांना हलवावं असं ठरलं. ४ डिसेंबर १८६३ रोजी ‘फ्रीडमन्स व्हिलेज’चं रीतसर उद्घाटन झालं. दोन-दोन कुटुंबांची जोडघरं, शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी आश्रम. सोजर्नर ट्रूथ ही गुलामगिरीविरुद्ध लढलेली थोर बाई १८६४ मध्ये तिथे येऊन राहिली आणि बायकांना घर-संसाराचे, हक्कांचे धडे देत राहिली.

वस्ती काही धर्मादाय नव्हती. घराचं भाडं होतं, महिन्याला एक ते तीन डॉलर. सरकारी शेतावर राबणाऱ्याला मजुरी महिन्याला दहा डॉलरच्या आसपास. त्यातही आणखी एक कात्री होती. युद्धकाळात लष्कराच्या कामावर असलेल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या पगारातून महिन्याला पाच डॉलर कापून घेतले जात. नाव ‘काँट्राबँड फंड’. कारण असं सांगितलं जाई की हा पैसा त्यांच्यातल्याच दुबळ्यांच्या पोटापाण्यासाठी आहे. म्हणजे काल सुटलेल्या गुलामानं आज आपल्या मजुरीतून दुसऱ्या सुटलेल्या गुलामाचा खर्च सोसायचा. गोऱ्या मजुरांना असा कर नव्हता.

लिलावानं आणखी एका माणसाची जमीन बुडाली. तिचं नाव मरिया कार्टर सायफॅक्स. कस्टिस यांना एरियाना कार्टर या गुलाम बाईपासून झालेली ही मुलगी. वाड्यातच तिचं लग्न झालं, पुढे कस्टिस यांनी तिला मुक्त केलं आणि राहायला १७ एकर जमीन दिली. फक्त कागद केला नाही. तोंडी दिलेली जमीन लिलावात तोंडातोंडीच गेली. पण तिचा मुलगा विल्यम सायफॅक्स वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत नोकरीला होता आणि कुणाला भेटायचं हे त्याला ठाऊक होतं. न्यूयॉर्कचे सिनेटर आयरा हॅरिस यांनी विधेयक मांडलं. जून १८६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली आणि मरियाबाईंना त्यांचे १७ एकर परत मिळाले. या टेकडीवर हक्काची जमीन सर्वांत आधी परत मिळवली ती मालकाच्या अनौरस मुलीनं. औरस मुलीचा क्रमांक अजून लागायचा होता, आणि तिच्या हयातीत तो लागला नाहीच.

रॉबर्ट ली युद्धानंतर पाच वर्षं जगले आणि या वाड्यासाठी त्यांनी उघडपणे झगडा केला नाही. ऑक्टोबर १८७० मध्ये ते गेले. दोनच महिन्यांनी केंटकीचे सिनेटर मॅक्रीरी यांनी ठराव आणला की मेरीबाईंच्या हक्काची चौकशी व्हावी. सिनेटनं तो ५४ विरुद्ध ४ असा उडवला. जखमा ओल्या होत्या. टेकडीवर पुरलेल्या पोरांच्या आया अजून जिवंत होत्या, आणि त्या पोरांना मारणाऱ्या सैन्याच्या सेनापतीच्या बायकोचा हक्क ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. जून १८७३ मध्ये मेरीबाई एकदा आर्लिंग्टनला येऊन गेल्या. गाडीतून उतरल्या नाहीत. त्याच नोव्हेंबरात त्या वारल्या.

आता मृत्युपत्राप्रमाणे हक्क आला थोरल्या मुलाकडे. कस्टिस ली त्या वेळी एक्केचाळीस वर्षांचे होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतून १८५४ मध्ये वर्गात पहिले आलेले. युद्धात बराच काळ ते दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचे सहायक होते, शेवटी मेजर जनरल झाले, आणि वडिलांच्या शरणागतीच्या तीनच दिवस आधी, ६ एप्रिल १८६५ रोजी सेलर्स क्रीकच्या लढाईत पकडले गेले. लग्न केलं नाही. वडिलांच्या मागे लेक्सिंग्टनच्या कॉलेजचं अध्यक्षपद सांभाळलं. अबोल, आजारी, हट्टी माणूस. हरलेल्या बाजूचा हा सैनिक १८७४ मध्ये काँग्रेसकडे अर्ज घेऊन गेला: जमीन बेकायदा घेतलीत, मोबदला द्या. अर्ज समितीत पडला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी १८७७ मध्ये दिवाणी दावा लावला, आणि दाव्याची रचना मोठी हुशारीची होती. सार्वभौम सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही, हे जुनं तत्त्व. म्हणून दावा सरकारवर केलाच नाही. जमिनीवर प्रत्यक्ष बसलेल्या दोन अधिकाऱ्यांवर केला, काउफमन आणि स्ट्राँग. एकाकडे स्मशानभूमी, दुसऱ्याकडे तिथला किल्ला. मागणी एवढीच: हे दोघे माझ्या जागेत बसलेत, त्यांना उठवा. कोर्टानं विचारायचं ते या दोघांना, की बाबांनो, तुमचा कागद कुठे आहे?

सरकारतर्फे अ‍ॅटर्नी जनरल चार्ल्स डेव्हन्स उभे राहिले. हे स्वतः उत्तरेचे जनरल, युद्धात जखमी झालेले. त्यांचं म्हणणं, हे दोघे म्हणजे सरकारच, दावा फेटाळा. न्यायाधीश रॉबर्ट ह्यूज यांनी ते मानलं नाही. जानेवारी १८७९ मध्ये ज्यूरीनं लींच्या बाजूनं कौल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

कराच्या मुद्द्यावर सरकारची बाजू आधीच लंगडी झाली होती. याच अलेक्झांड्रिया भागातल्या हंटर नावाच्या मालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८७० मध्येच सांगितलं होतं की मालकाच्या वतीनं दुसऱ्यानं कर देऊ केला तरी तो घ्यायला हवा, नाकारला तर लिलाव टिकत नाही. आर्लिंग्टनच्या कमिशनरांनी तर पैसे आणलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं होतं. खरा वाद राहिला तो सरकारच्या कवचाचा. ४ डिसेंबर १८८२ रोजी निकाल लागला, पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती सॅम्युएल मिलर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. तात्पर्य असं की सरकारी अधिकारी कायद्याच्या वर नाही, आणि नागरिकाची जमीन बेकायदा बळकावून ‘आम्ही सरकार आहोत’ एवढंच उत्तर चालणार नाही. मिलर लिंकननं नेमलेले होते, हे इथे सांगायला हवं. तारीखही पाहा. फ्रीडमन्स व्हिलेजच्या उद्घाटनाला त्या दिवशी बरोबर एकोणीस वर्षं झाली.

गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सेनापतीविषयी मला फारशी माया नाही. पण निकाल बरोबर होता, आणि तो बरोबर आहे हे त्या पाच जणांनी अशा माणसाच्या बाबतीत म्हटलं, ज्याला हाकलून दिलं असतं तर राजधानीत टाळ्या पडल्या असत्या.

निकालानं सरकारची पंचाईत केली. १६,००० हून जास्त कबरी आता दुसऱ्याच्या जमिनीत होत्या. कस्टिस लींनी मनात आणलं असतं तर ‘तुमची माणसं उकरून न्या’ असं म्हणायला ते मोकळे होते. ते तसं म्हणाले नाहीत. तडजोडीला तयार झाले. मार्च १८८३ मध्ये काँग्रेसनं दीड लाख डॉलर मंजूर केले, ३१ तारखेला खरेदीखत झालं. सरकारतर्फे ते स्वीकारणारे युद्धमंत्री होते रॉबर्ट टॉड लिंकन. वडील अध्यक्ष असताना युद्धाच्या शेवटी ते उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्या हाताखाली कॅप्टन होते. लींच्या मुलानं जमीन विकली, ती लिंकनच्या मुलानं घेतली. इतिहासकार या क्षणावर खूप लुब्ध होतात. मला त्यात जास्त मजेची वाटते ती बेरीज: ब्याण्णव डॉलर नाकारून सरकारनं शेवटी दीड लाख मोजले.

आणि याचा दुसरा अर्थ असा की १८६४ पासून १८८३ पर्यंत ही जमीन कायद्यानं सरकारची नव्हतीच. तरी फ्रीडमन्स व्हिलेजमध्ये घराचं भाडं सरकार घेत होतं, एक, दोन, तीन डॉलर, महिन्यामागून महिने. ज्याच्या नावावर जागा नाही त्यानं भाडं घ्यायचं, आणि ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मजुरीचे पैसे हातात धरलेले. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस कुळाकडून खंड घ्यायला आला, तर गावात काय बोलणी होतील याची कल्पना करावी.

दीड लाखाचं खरेदीखत झालं आणि जमीन निर्वेध सरकारची झाली. त्याचा पहिला चटका बसला तो या वस्तीला. डिसेंबर १८८७ मध्ये नोटीस आली: नव्वद दिवसांत जागा खाली करा. लोकांनी तोवर तिथे घरं वाढवली होती, विहिरी खणल्या होत्या, फळझाडं लावली होती, चर्च बांधली होती. त्यांची बाजू मांडायला पुढे आला जॉन सायफॅक्स, मरियाबाईंचाच मुलगा, व्हर्जिनियाच्या विधानसभेत एकदा बसून आलेला. त्यानं युद्धमंत्र्यांना पत्र लिहून प्रत्येक घरामागे ३५० डॉलर मागितले. लोकांनी वीस-पंचवीस वर्षं इथे घाम गाळला आहे, त्यांना असं रिकाम्या हातानं काढता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. कोर्टात जायला त्यांच्यापाशी मृत्युपत्र नव्हतं, दस्त नव्हता. जी काही पावती होती ती भाड्याची.

वस्ती लगेच हलली नाही. बारा वर्षं चिवटपणे टिकली. अखेर १९०० मध्ये काँग्रेसनं ७५,००० डॉलर मंजूर केले आणि फ्रीडमन्स व्हिलेज बंद झालं. कस्टिस ली या एका माणसाला मिळाले त्याच्या बरोबर निम्मे, आणि ते अख्ख्या वस्तीत वाटायचे. ती रक्कम दोन गोष्टींपोटी होती. एक, पाडल्या जाणाऱ्या घरांची किंमत. दुसरी, युद्धकाळात पगारातून कापलेले ते ‘काँट्राबँड फंडा’चे पैसे. कापल्यापासून पस्तीसेक वर्षांनी ते परत आले.

कस्टिस ली १९१३ मध्ये वारले. त्यांना लेक्सिंग्टनला वडिलांशेजारी पुरलं. मेग्ज आर्लिंग्टनलाच आहेत, बायको आणि युद्धात पडलेला मुलगा जवळ घेऊन. स्मशानभूमीच्या सत्ताविसाव्या भागात ३,८०० हून जास्त सुटलेले गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरले आहेत. त्यांच्या दगडांवर ‘सिटिझन’ किंवा ‘सिव्हिलियन’ असे शब्द कोरलेले आढळतात.

१९२५ मध्ये काँग्रेसनं ठरवलं की वाडा जसा युद्धापूर्वी होता तसा पुन्हा करायचा. विहीर कुठे होती, गुलामांच्या खोल्या कुठे, झरे कुठे, हे सांगणारा माणूस शोधला तेव्हा जेम्स पार्क्स सापडला. याच जमिनीवर तो गुलाम म्हणून जन्मला होता आणि १८६४ मध्ये इथल्या पहिल्या कबरी खणणाऱ्यांत होता. त्यानं सांगितलं तशा जागा नोंदवून घेतल्या. १९२९ मध्ये तो वारला, तेव्हा युद्धमंत्र्यांनी खास परवानगी दिली आणि त्याला तिथेच पुरलं. आर्लिंग्टनच्या मातीत जन्मलेला आणि आर्लिंग्टनच्या स्मशानभूमीत पुरलेला माणूस तो एकटाच.